मोरीच्या अलीकडे डावीकडे

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींचा राग येतो. कुणी चकव्याचे किस्से काढले की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. चकवा-बिकवा काही नसतो हो, माणसं रस्ता चुकतात! आणि रस्ता चुकू नये म्हणूनच तर मी पगार घेते. एका नेव्हिगेशन ॲपच्या टीममध्ये मी मोबाईल डेव्हलपर आहे. ऑफिस पुण्यात, पण दोन वर्षं झाली, मी घरून काम करते... लांजा आणि रत्नागिरीच्या मध्ये, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याच्या आमच्या गावातून. त्यामुळे खालचं सगळं माझ्याच तोंडून येतंय याची मलाच लाज वाटते. पण घडलं ते घडलं.

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. पावसाने ढासळलेला कुंपणाचा गडगा बाबा रचत होते. दगड उचलला, खाली फुरसं. हाताला चावलं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सहसा घाबरणारा माणूस नाही. "काय नाय गो, मुंगी चावल्यासारखं झालं," म्हणाले. पण पाच मिनिटांत हात सुजायला लागला. फुरशाचं विष रक्त पातळ करतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. शेजारच्या सदूकाकांनी बाबांना मागच्या सीटवर धरून बसवलं आणि मी गाडी काढली. रत्नागिरी पाऊण तास.

सड्यावर चढलो आणि धुकं! बॉनेटच्या पुढे काही दिसेना. टेस्टिंगचा फोन होल्डरला लावलेला असतोच, सवयीने ॲप चालू केलं. खरं तर रस्ता मला पाठ आहे. पुढे पऱ्ह्यावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ती ओलांडली की सरळ उतार.

मोरीच्या थोडं अलीकडे ॲप बोललं, "डावीकडे वळा."

डावीकडे रस्ताच नाही! निदान आमच्या मॅपवर तरी नाही. मला असा संताप आला... आमच्याच टीमने काहीतरी घोळ घातला असणार, आणि तो नेमका आज निघावा!

"डावीकडे वळा."

"गप्प बस गं सटवे!" मी फोनवर ओरडले.

मागून बाबांचा खोकला आला. सदूकाका हलक्या आवाजात म्हणाले, "बाय, थुंकीत रगत हाय."

तिसऱ्यांदा तोच आवाज, तितकाच शांत, "डावीकडे वळा."

"वळव गो! ती येवढी सांगतेय ती काय उगाच?" सदूकाका ओरडले.

का वळवली, मला आजही सांगता येणार नाही. डोकं चालत नव्हतं, हातांनी वळवली. चाकांखाली डांबर संपलं, उघडा कातळ लागला. सरळ... उजवीकडे... सरळ. एके ठिकाणी मला इतकी भीती वाटली की मी ब्रेकच दाबला. आईची शपथ घेऊन सांगते, त्या फोनमधून आवाज आला, "थांबू नको. पुढे चल."

मी पुढे गेले. बारा-पंधरा मिनिटांत चाकांखाली परत डांबर आलं.

दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. मी बाहेर बाकावर बसून ढसाढसा रडले. दुपारी गावातून फोन आला. पहाटेच्या पावसात मोरी वाहून गेली होती, म्हणे. रस्त्याच्या जागी पंधरा फूट खड्डा. त्या धुक्यात तो मला दिसलाच नसता.

बाबा घरी आल्यावर, कुतूहलानेच, मी त्या दिवसाचा लॉग उघडला. ॲप काय बोललं, केव्हा बोललं, कुठे बोललं, सगळं त्यात नोंदलेलं असतं. आणि मी बघतच राहिले.

टेस्टिंगसाठी आम्ही फोनला खोटी जागा सांगतो. आपण बसायचं घरात, फोनला वाटतं तो पुण्यात आहे. आदल्या दिवशी मी तसं केलं होतं आणि ते सेटिंग बंद करायला विसरले होते. आमच्या धंद्यातली अगदी नेहमीची, लाजिरवाणी चूक. म्हणजे आम्ही सड्यावर होतो तेव्हा फोनच्या लेखी तो पुण्यात, ऑफिसच्या गेटवर उभा होता. एक इंचही हलला नव्हता. आणि त्या सबंध पाऊण तासात ॲप एक शब्दसुद्धा बोललेलं नाही.

"थांबू नको, पुढे चल" असं वाक्यच आमच्या ॲपमध्ये नाही. मला माहीत आहे, कारण मराठी वाक्यं सगळी मीच लिहिली आहेत. आमचं ॲप कुणाला एकेरीत हाक मारत नाही.

माझा टीम लीड प्रणव म्हणाला, "तू पॅनिकमध्ये होतीस, भास झाला असेल." मी म्हटलं, बरं बाबा, मला भास. मग सदूकाकांच्या कानांचं काय? ते तर अजून गावभर सांगत फिरतायत, आमच्या पोरीच्या मशीनने वाचवलं म्हणून!

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, लख्ख उन्हात मी, बाबा आणि सदूकाका तिथे चालत गेलो. जुनी बैलगाडीची वाट आहे ती. मधल्या टप्प्यात दोन्ही बाजूंना सोडून दिलेल्या चिरेखाणी, तीसेक फूट खोल, काठोकाठ हिरव्या पाण्याने भरलेल्या. मध्ये कातळाची पट्टी. माझ्या गाडीची चाकं जेमतेम मावतील एवढीच. मी ब्रेक दाबला होता ती जागा तीच असणार. बाबा, ज्यांनी तीस वर्षं घाटात एसटी चालवली, ते मटकन खाली बसले. "इथनं आणलीस मला?" एवढंच म्हणाले.

सदूकाकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, असंच सगळ्यांना सांभाळ म्हणून. मीही हात जोडले, अगदी मनापासून. समोर कोण आहे ते कळत नव्हतं, पण कुणीतरी आहे असं वाटत होतं आणि त्याची भीती वाटत नव्हती. ऊर भरून आला होता नुसता.

एक मात्र आहे. ती वाट मॅपवर टाकणं म्हणजे माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम. प्रणवने दोनदा विचारलं. मी टाकलेली नाही. उद्या असंच धुकं असेल, मागच्या सीटवर कुणाचा तरी बाप असेल, आणि माझ्या ॲपवर विश्वास ठेवून ते तिथे वळतील... आणि त्या दिवशी बोलायला फक्त माझं ॲपच असेल तर?