सगळ्या हवामानांची टोपी

दुबईच्या ऑगस्टमध्ये लोकरीची टोपी घालून रस्त्यावर हिंडणारी तीन माणसं मी ओळखत होते, आणि त्यातल्या एकाशी माझं लग्न झालेलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जीभ जरा तिखट चालली तर कुणी वाईट वाटून घेऊ नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही ऊद मेथाला राहायचो. नवरा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका वर्कशॉपचा सुपरवायझर होता. तिथल्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी स्पॅनर हातात धरवत नसे, आणि हा गृहस्थ डोक्यावर काळी बेरे टोपी घालून उभा. दुसरा टोपीवाला एक मल्याळी टायपिस्ट. टायपिंग सेंटरच्या काउंटरमागे बसून तो लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप करायचा, टोपीसकट. आणि तिसरे, म्हणजे खरं तर पहिले, वसईचे अंकल. देरा भागातल्या एका हॉटेलात ते बँक्वेटचे कॅप्टन, म्हणजे मेजवानीच्या वाढप्यांचे मुकादम होते. एकोणीस वर्षं ते तिथे एकटे होते आणि बायको वसईत. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचे.

खूळ सुरू झालं ते अंकलपासून. त्यांच्या हॉटेलात पूर्वी एक शेफ होता, स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला. तो नोकरी सोडून जाताना आपली टोपी अंकलना देऊन गेला. चपटी, गोल, काळीभोर, आणि मधोमध वांग्याच्या देठासारखा एक छोटा देठ. शेफ म्हणाला होता, आमच्याकडे बाप ही टोपी घालून शेतात जातो, पोरगा हीच घालून लग्नाला उभा राहतो. ऊन, वारा, थंडी, काहीही असो, डोक्यावरून उतरवायची नाही. पण हिची खरी परीक्षा पावसात. कितीही कोसळू दे, आत थेंब येणार नाही.

आता हे ऐकून शहाण्या माणसाने टोपी कपाटात ठेवली असती. अंकलनी ती त्याच दुपारी डोक्यावर चढवली आणि एकोणीस उन्हाळे उतरवली नाही. माझ्या नवऱ्याने ती पाहिली आणि याला त्यात काय दिसलं देव जाणे, पण अंकलच्या ओळखीतून स्पेनहून दोन टोप्या मागवल्या गेल्या, आणि मंडळ स्थापन झालं.

टायपिस्टने मंडळाचे नियम टाइप केले, सरकारी अर्जाच्या भाषेत, वर फोटो चिकटवायला चौकोन ठेवून. घराबाहेर टोपी डोक्यावरच हवी. प्रार्थनेला आणि न्हाव्याकडे सूट. बाईमाणसाला नमस्कार करताना देठाला धरून दोन बोटं उचलायची. टोपीला नावं ठेवणाऱ्याशी वाद घालायचा नाही, त्याची कीव करायची. मी घरात दिवसातून चार वेळा नावं ठेवायचे, त्यामुळे माझा नवरा दिवसातून चार वेळा माझी कीव करायचा.

त्यांचं टोपीशास्त्रही अजब. "लोकर आतला घाम बाहेर जाऊ देते का? नाही ना?" नवरा मला समजावायचा. "मग बाहेरचं ऊन आत कसं येईल?" कपाळावरून घामाच्या धारा, कानांची टोकं लाल, आणि हे तिघं फुटपाथवर एकमेकांना विचारतायत, "कसं वाटतं?" "फर्स्ट क्लास!"

टोपीने सगळी हवामानं बघायला हवीत, हे मंडळाचं ध्येय. टायपिस्टकडे त्याची यादी होती. जूनचं ऊन झालं. सप्टेंबरचा दमट चिकचिकाट झाला. वाळूचं वादळ झालं, त्या दिवशी तिघंही घरी आले ते चण्याचं पीठ लावून तळायला घ्यावेत असे. जानेवारीतलं धुकं झालं. मॉलमधला एसीसुद्धा त्यांनी यादीत घेतला, कारण तिथली थंडी डोंगरातल्या थंडीहून कमी नाही, असं अंकलचं मत. राहिला फक्त पाऊस. एकदा करामाच्या रस्त्यावर टायपिस्ट नाचायला लागला, "सर, रेन! रेन आया!" त्याच्या टोपीवर खरंच पाच-सहा थेंब होते. अंकलनी शांतपणे वर बोट दाखवलं. वर कुणाच्या तरी खिडकीतला एसी गळत होता.

खरा पाऊस तिथे वर्षातून एखाद-दोनदा यायचा, आणि तोही हे तिघं बूट घालून खाली उतरेपर्यंत संपून जायचा. अंकलना तो चालणारही नव्हता. त्यांना वसईचा पाऊस हवा होता. सुट्टी त्यांना दरवर्षी मे महिन्यात मिळायची, आणि पाऊस लागायच्या आत परत यावं लागायचं. एकोणीस वर्षांत या माणसाने आपल्या गावचा पाऊस पाहिलेला नव्हता. सुट्टीवर जाताना टोपी ते माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवून जायचे. "कोरड्यात नेऊन काय करू, बाय? नेईन ती पावसातच नेईन." बायकोने फोटोत टोपी पाहिली होती आणि पत्रात विचारलं होतं, डोक्यावर तवा कशाला घेतलाय?

मग अंकल निवृत्त झाले. जूनअखेर नोकरी संपली, जुलैत जायचं, भर पावसात विमानातून टोपी घालून उतरायचं, असं ठरलं. दुसरे लोक परत जाताना टीव्ही नेतात, मिक्सर नेतात, सोनं नेतात. अंकल टोपी नेणार होते. पण हॉटेलवाले कागद देईनात. दर आठवड्याला एकच उत्तर, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." जुलै गेला, ऑगस्ट गेला. अंकल दर शुक्रवारी बायकोला फोन लावायचे आणि तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "पाऊस आहे ना गं अजून?" शेवटी सप्टेंबरचं तिकीट निघालं. पाऊस संपत आलेला होता, आणि टोपीला एकोणीस उन्हाळ्यांचा वास येत होता.

ती धुवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळाच्या मते लोकरीतलं मला कळायचं. मी मुलाला घेऊन दोन महिने माहेरी गेले होते, आदल्याच रात्री परत आले होते. अंकल सकाळी टोपी घेऊन दारात. "बाय, गार पाणी हं. अगदी गार. गरम पाणी लागलं की हिचा जीव गेला." तीनदा सांगून गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिकडे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापून पाणी उकळायला येतं. म्हणून मे महिन्यात आम्ही गीझर बंद करायचो. बंद गीझरमधलं पाणी सावलीत राहून निवायचं, त्यामुळे लाल नळाला गार पाणी आणि निळ्या नळाला थेट गच्चीवरचं, चहाला चालेल असं. मे ते ऑक्टोबर आमच्याकडे लाल म्हणजे गार आणि निळा म्हणजे गरम. माझ्या मुलाने शाळेत बाईंना हेच उत्तर दिलं होतं आणि भांडून मार्क मिळवले होते.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी त्या सकाळी मी बादलीत टोपी टाकली, साबणाची पूड टाकली आणि निळा नळ सोडला. दोन महिने माहेरच्या नळांवर फिरलेला हात, तो त्याच्या सवयीने गेला. मी बॅगा उपसायला बसले. लोणच्याची बरणी फुटली होती, ते निस्तरण्यात तास गेला. परत आले तर नळ अजून वाहतच होता; बादलीत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. मग माझ्या अकलेने आणखी एक उडी मारली. फ्रिजमधल्या चार बाटल्या बर्फगार पाणी मी वरून ओतलं.

टोपी माझ्या तळहातावर मावली. जाड, टणक, वाटीएवढी. देठ मात्र तेवढाच होता.

"ममा, इट लुक्स लाइक अ मफिन," मुलगा म्हणाला.

मी ती पातेल्यावर ताणून बसवली, ती टणकन उडून सिंकमध्ये पडली. फुटबॉलवर चढेना. कलिंगडावर चढली, पण कलिंगडाच्या शेंड्यावरच बसून राहिली. नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा डायनिंग टेबलवर टोपी घातलेलं कलिंगड होतं आणि समोर मी डोळे पुसत बसले होते. त्याने एकदा कलिंगडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "खलास," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी टोपी वर्कशॉपला नेऊन त्याने आत जॅक लावून पाहिला. टोपी हलली नाही, जॅकमधून तेल गळायला लागलं. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी मुलामार्फत बोलत होता. "ममा, पापा सेज सॉल्ट."

मला त्याचा राग आला नाही. मला माझीच लाज वाटत होती. वर्षानुवर्षं मी त्या टोपीला नावं ठेवली होती, ती जळून जावी असंही म्हणाले होते, आणि आता एका माणसाची एकोणीस वर्षांची वाट पाहणं मी बादलीत बुडवून ठेवलं होतं. दुकानं पालथी घातली. लहान बाळाची लोकरी टोपी तेवढी मिळत होती, पस्तीस दिरहम, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये. ती घेऊन काय करणार?

गुरुवारी अंकल आले, टायपिस्टही आला. टोपी हातात धरायची माझी हिंमत होईना, म्हणून मी ती बशीत ठेवून वर नॅपकिन झाकला आणि समोर नेऊन ठेवली. अंकलनी बँक्वेटच्या सवयीने अलगद नॅपकिन उचलला.

त्यांनी एका बोटाने देठ हलवून पाहिला.

"गार पाणीच घेतलंस ना, बाय?"

खोटं बोलता आलं असतं. "निळा नळ," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. एकोणीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाला निळा नळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. "आदल्या रात्रीच आली होतीस ना इंडियाहून?"

"हो."

"मग हात अजून तिकडेच असतात. माझे आठ-आठ दिवस असायचे," ते म्हणाले, आणि मला रडू आवरेना.

नवऱ्याने तेवढ्यात आपली टोपी काढून पुढे केली. "अंकल, माझी न्या." अंकलनी ती परत त्याच्या डोक्यावर बसवली. "ही तुझ्या उन्हाची आहे. माझं ऊन बशीतल्या हिच्यात आहे." आणि आरशासमोर जाऊन त्यांनी ती वाटी दोन्ही हातांनी टाळूवर ठेवली. टायपिस्टने घाईघाईने खिशातून नियमांचा कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, टेन्शन नको. रूल में साइज मेन्शन नहीं है."

विमानतळावर मी माझ्या दोन काळ्या आकड्यांनी ती टोपी अंकलच्या उरलेल्या केसांना अडकवून दिली. दारातल्या शिपायाने तिकीट पाहिलं, मग टोपी पाहिली. "हबीबी, फॉर बेबी?" त्याने विचारलं. अंकलनी वाद घातला नाही. नियमाप्रमाणे त्याची कीव केली, दोन बोटांनी देठ उचलून आम्हाला नमस्कार केला आणि आत गेले.

चार दिवस फोन नाही. नवरा रोज वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी मुंबईच्या हवेची बातमी आणायचा, "आज पण ऊन," म्हणून बूट काढायचा. पाऊस संपला असेल तर त्याचं खापर हॉटेलवर फोडता आलं असतं, पण टोपीचं माझ्यावरच फुटणार होतं, आणि ते बरोबरच होतं.

रविवारी फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. अंकल ओरडून बोलत होते, मागे पन्हाळीचा आवाज येत होता.

"मिस्साहून येताना पावसाने धरला! असा धरला की समोरचं दिसेना. ही म्हणते, छत्रीत या. मी म्हटलं, नाही. चर्चच्या वाटेवर पाव तास उभा राहिलो. ही छत्री घेऊन बाजूला, शिव्या देतेय. नाकातोंडात पाणी, बुटात पाणी, सगळा चिंब झालो. मग आकडे काढले, टोपी उचलली, आणि हिला म्हटलं, हात लाव."

"मग?" नवरा म्हणाला.

"वाटीएवढी जागा. कोरडीठाक! एक थेंब नाही!"

नवऱ्याने उठून घरातल्या घरात टोपी घातली. मी हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. तेवढ्यात फोनवर बाईमाणसाचा आवाज आला, जो मी कधीच ऐकला नव्हता.

"तूच धुतलीस ना गं ती टोपी, बाय?"

"हो," मी म्हटलं. "चुकून."

"बरं झालं. मोठी असती तर तशीच मिरवत घरी आला असता. एवढीशी होती म्हणून हात लावून बघायला बोलावलं त्याने. मी हात ठेवला तो ठेवलाच, छत्री कुठे पडली कळलं नाही. दोघं भिजलो."

मी तिला निळ्या नळाचं सांगायला लागले, तर म्हणाली, राहू दे, याचं डोकं पुसायचंय.