कृत्तिकांना सांगायची नावं

एसटी सुटताना आत्याने खिडकीतून माझ्या हातावर दही ठेवलं आणि कंडक्टरला दम भरला, "पोर दही खाईपर्यंत घंटी मारायची नाही." मस्कतला निघालेला पंचविशीचा घोडा मी, हात चाटत होतो आणि गाडीभर माणसं हसत होती. आईमागे तिनेच मला वाढवलं.

आता मस्कतजवळ अल हैलला राहतो. शेजारी टामा, न्यूझीलंडचा माओरी, बंदरावर क्रेन शिकवतो. त्यांच्याकडे ऐन हिवाळ्यात कृत्तिका पहाटे पुन्हा दिसू लागल्या की नवं वर्ष. त्यांना ते मातारिकी म्हणतात. वर्षभरात गेलेल्यांची नावं त्या ताऱ्यांकडे बघत मोठ्याने घ्यायची, मग सगळ्यांनी जेवायचं. इथे तेव्हा भट्टी पेटलेली असते, पण तारे तेच. टामा म्हणाला, "तुझी नावं घेऊन ये."

रंगमंच मिळाल्यावर मी सोडतो होय? देवरुखला दादाला फोन लावला, यंदा गावात कोण कोण गेलं ते विचारलं. दोन नावं सांगून तो थबकला. मागून वहिनी म्हणाली, "आता तरी सांगा भाऊजींना."

आत्या मार्गशीर्षातच गेली होती.

दर शुक्रवारी दादा सांगायचा, झोपलीय, तुझी आठवण काढते. वैशाखात गावाहून परतणाऱ्या मित्राबरोबर तिचं म्हणून लोणचं आलं. असा हात साऱ्या ओमानात नाही, म्हणत मी ते कँटीनभर मिरवलं. हात वहिनीचा होता.

"तुझ्या लेकीची बारावी होती," दादा म्हणाला. "मग सांगायला तोंड उरलं नाही. आणि तू काय येणार होतास?"

लोणचं मी पचवलं, हे शेवटचं वाक्य नाही. येणार होतो की नाही, हे मला तरी कुठे ठरवू दिलंत?

पहाटे किनाऱ्यावर माझी पाळी आली. गावातली दोन नावं खणखणीत घेतली. "द्वारका आत्या" मात्र नुसतं पुटपुटलो. टामाने तेच नाव माझ्यामागून मोठ्याने घेतलं, उच्चाराची पार वाट लावत. माणूस गेल्याचं उशिरा कळलं तर कळल्याबरोबर स्नान करायचं असतं, म्हणून मी कपड्यांनिशी समुद्रात शिरलो. टामाच्या पोरांना वाटलं खेळच आहे. तीही धावत आली.

दादा, कोणी विचारलं तर घर मी अजून देवरुखच सांगतो. पण पुढे कोणी गेलं तर त्याच दिवशी कळवा. मी येईन न येईन, अंघोळ तरी वेळेवर करेन.