उद्देशिका, मराठीतून

भाचीच्या नव्या पाठ्यपुस्तकाचं उद्देशिकेचं पान उघडलं, त्याचा वास आला आणि मी नव्वदीतल्या सुरतेत, लिंबायतच्या आमच्या खोलीत पोचले. मी सातवीत होते. पप्पा नुकतेच कापड विणायच्या लूमवरून आले होते, केसांत धाग्यांचा भुगा. माझ्या इंग्रजी शाळेत पाठ करून घेतलेली संविधानाची उद्देशिका मी त्यांना इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवली.

“आता मराठीत सांग.”

मला येईना. शेजारची सुनीता महापालिकेच्या मराठी शाळेत जायची. तिने दारातूनच सावकाश म्हणून दाखवली.

“यात आपण लूमवालेबी येतो का गं?” पप्पांनी तिला विचारलं.

“येतो ना काका, सगळेच.”

पप्पा माझ्याकडे वळले. “तुझ्या इंग्लिशमधीबी येतो ना?”

मी नुसती मान डोलावली. तेव्हा मला फक्त सुनीताचा राग आला होता. आता नवल वाटतं, इतक्यांदा घोकूनही त्यात पप्पा आहेत का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.