घरातल्या घरात गाडी

लातुरात औसा रोडला सिद्धराम अप्पाचं टायर रिमोल्डिंगचं दुकान आहे. झिजून गुळगुळीत झालेला टायर आत जातो आणि नवी नक्षी लेवून बाहेर येतो. दुकानाच्या पाठीमागंच घर. त्यामुळं त्या घरातल्या चहालासुद्धा भाजलेल्या रबराचा वास असतो. पाहुण्यांना तो पहिल्याच घोटाला लागतो. अंबिकाला कधी लागला नाही. ती त्याच वासात जन्मली.

अंबिका ही अप्पाची एकुलती एक. शाळेला सुट्टी असली की बापासंगं पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून किल्लारीकडं जायची. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे टायर तिकडं पोचवायचे असत. कारखान्यामागच्या मोकळ्या रानात अप्पानंच तिला गाडी शिकवली. पुढं ती कॉलेजात असताना ऐन हंगामात डायवर काम सोडून पुण्याला गेला, तेव्हा अप्पानं चावी तिच्याच हातात दिली. औशाच्या चहाच्या टपरीवर लोक टिंगल करायचे.

"अप्पा, पोरीला डायवर केलाव व्हय?"

"डायवरच हाय ती. पगार मागत न्हाई, एवढाच फरक."

लोक हसायचे, अप्पाही हसायचा. अंबिका चहा संपवून आधी टायरला लाथ मारून बघायची आणि मगच गाडीत चढायची.

ही पोरगी चांगली चालवते, हे तिचं तिलासुद्धा ठाऊक नव्हतं. ते कळलं हैदराबादला, मामेबहिणीच्या लग्नात. नवरदेवाच्या मित्रांची टोळी हौसेनं गो-कार्टच्या ट्रॅकवर निघाली, ही त्यांच्यासंगं गेली, आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून सगळ्यांच्या पुढं निघाली. एक नाही, सगळे फेरे. तिथल्या माणसानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की बायकांसाठी रेसिंगची एक निवड चालू आहे. घरी सिम्युलेटरवर, म्हणजे स्टेअरिंग-ब्रेक जोडलेल्या पडद्यावरच्या गाडीत चालवून, फेऱ्याला लागलेली वेळ पाठवायची. ज्यांची वेळ चांगली त्यांना कोइम्बतूरच्या बाजूच्या खऱ्या ट्रॅकवर आठवडाभर बोलावतात. तिथं निवडलं तर गाडी त्यांची, शिकवणारा त्यांचा.

घरी आल्यावर तिनं अप्पाला सगळं सांगितलं. अप्पानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ट्रॅक-बिक ते पुढचं पुढं. घरात काय लागतंय ते घे."

"पुढचं पुढं" म्हणजे होकार, असं तिनं धरलं.

मग महिनाभर तिनं दुसरं काही केलं नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओत माणसं अशा सेटबद्दल इंग्रजीत बोलायची ते ऐकायची, अडलं की मागं नेऊन पुन्हा ऐकायची. बाजारात तीन तऱ्हेची स्टेअरिंगं. एकात आत दातेरी चाकं, वळवलं की खडखड वाजणार. एक पट्ट्यावर चालणारं, जरा मऊ. तिसरं थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेलं. रस्ता जे करील ते हाताला लगेच कळणार. पण तिचं सगळं लक्ष स्टेअरिंगपेक्षा ब्रेकवर. स्वस्तातला ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, चांगला ब्रेक पायानं जोर किती दिला ते मोजतो. खऱ्या गाडीत पायाला जोरच आठवतो, हे तिला किल्लारीच्या उतारावर भरलेली पिकअप धरून धरून ठाऊक होतं.

बघायला म्हणून बापलेक नांदेडला गेले. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या जिवावर नबील नावाच्या पोरानं तिथं गेमिंगचं दुकान काढलं होतं. त्याच्याकडं दोन-तीन सेट मांडलेले. दारातच लाल-निळे दिवे लागलेला एक सेट होता. अप्पा त्याच्यापुढंच थांबला.

"ह्यो भारी दिसायलाय."

"भारी दिसतोय अप्पा, पण ब्रेक प्लास्टिकचाय. रिक्षाचा हॉर्न दाबल्यावानी लागतंय."

नबील हसला. "चाचा, तुमारी बच्ची को मालूम है. लोगां आते, स्टेअरिंग घुमाके देखते, फोटो लेते. ब्रेक कोई नई देखता."

पडद्याऐवजी डोळ्यांवर चढवायचा, आत चहूकडं ट्रॅकच दिसणारा चष्मा अंबिकानं बघितला आणि परत ठेवला. घाम येतो, मळमळतं, तासभर चालवणार कसं? तिनं जवळ ओढून बसता येईल असा मोठा पडदा घेतला. स्टेअरिंग दांड्यावरचंच, पण त्यातलं कमी ताकदीचं. उरलेले सगळे पैसे ब्रेकवर. सीट आणि सांगाडा लातुरात वेल्डिंग करून होईल म्हणाली. नबीलनं तोच कोइम्बतूरचा ट्रॅक लावून दाखवला. लेझरनं मोजून बनवलेला, रस्त्याचा उंचवटा अन् उंचवटा त्यात.

किंमत ऐकून अप्पा खुर्चीतून उठला. "एवढ्यात सेकंडहँड पिकअप येती की ग!"

तेव्हा ती जे बोलली, ते सौदा पटावा म्हणून बोलली. माल विकणारा जसं बोलतो तसं.

"अप्पा, बसून तर बगा. ह्याच्यात आन् खऱ्यात काई फरक न्हाई."

अप्पा बसला. नबीलनं गाडी सोडली. पहिल्याच वळणावर अप्पानं घाईनं स्टेअरिंग फिरवलं आणि एकदम ओरडला, "अगं! टायर सुटला! हाताला हलकं लागलं की!"

तीस वर्षं टायरमध्ये काढलेला माणूस. रबर रस्ता कधी सोडतं ते बोटांना कळलं, आणि त्याचा विश्वास बसला. पूर्ण बसला. नांदेडहून येताना लोह्यापर्यंत तो त्याच एका गोष्टीबद्दल बोलत होता.

सेट घरी आला. भंगारातल्या मारुतीची सीट, लोखंडी अँगलचा सांगाडा. अप्पानं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि लिंबू हातात घेऊन थबकला.

"चाकंच न्हाईत की ह्याला. ठेवू कशाखाली?"

"ब्रेकखाली ठेवा," अंबिका म्हणाली.

तिनं पाय दिला. लिंबू फुटलं, आई महानंदाच्या पुसलेल्या फरशीवर रस उडाला, सगळे हसले. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं म्हणायला हरकत नाही.

पुढं दीड-दोन महिने अंबिका दिवसा पिकअप चालवायची आणि संध्याकाळी घरातली गाडी. तिसऱ्या वळणाच्या आधी रस्ता जरा डावीकडं कलतो, तिथं ब्रेक आधी सोडायचा. शेवटच्या वळणाला धीर धरायचा. अप्पा एक टायर आडवा टाकून त्यावर बसून मागून बघायचा. येईल त्या पाहुण्याला आत आणायचा. "बसा, बसा. लातुरात कुनाकडं न्हाई. अगदी खऱ्यावानी. टायर सुटला तर हाताला कळतंय!" पाहुणा दोन मिनिटांत गाडी भिंतीत घालायचा आणि चहाला बसायचा.

अंबिकानं वेळ पाठवली. निवड झाली. कोइम्बतूरला या, असा फोन आला. दुकानात कंप्रेसरचा आवाज चालू होता, तिनं तो बंद करून अप्पाला सांगितलं.

अप्पाला खरंच आनंद झाला. त्यानं पेढे आणायला माणूस पाठवला. पेढा तोंडात असतानाच म्हणाला, "झालं मग. जितलीस तू."

"जितले कुठं? आता तर जायाचंय."

"कुठं?"

"कोइम्बतूरला. ट्रॅकवर. सांगितलं नव्हतं का?"

अप्पानं हात पुसले. "कशाला? ट्रॅक घरातच हाय की."

"अप्पा, ते प्रॅक्टिसला हाय."

"तूच म्हनलीस, काई फरक न्हाई म्हनून. मी बसून बगितलो की. फरक न्हाईच. मग तेच करायला एवढ्या लांब, अनोळखी मानसांत जायाचं?"

"तिथं खरी गाडी हाय."

"म्हनूनच नगं. फुटलेले टायर कुनाच्या दारात येऊन पडत्यात? माझ्या. रक्त धुऊन आनत्यात लोक, तरी मला कळतंय."

अंबिका बोलत राहिली. घरात ऊन लागत नाही, म्हणाली. अप्पा म्हणाला, बरंच हाय. वळणावर अंग बाहेर ओढल्यासारखं होत नाही, ती म्हणाली. पोटात गोळा येत नाही. भ्या वाटत नाही.

"भ्या न्हाई हेच तर चांगलं हाय पोरी!"

घरातल्या गाडीत जे जे कमी होतं, ते ते बापाला जास्तीचं वाटत होतं. इतकी मेहनत करून निवडलेली वस्तू, आणि आता तीच वस्तू खोटी आहे हे तिला पटवून द्यायचं होतं, तेही तिच्याच तोंडानं.

स्वयंपाकघरात महानंदा भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "तू चुकलीस."

"मी?"

"थोडं खोटं हाय म्हनायचं होतंस. चार आने तरी. ह्या घरात कुठल्या बी वस्तूला पुरी म्हनू नये. पुरी म्हनलं की मानसाची वाट बंद." तिनं भाकरी उलटली. "मला शिलाई मशीन घरात आनून दिलती. त्याच्या आदी मी शिवणाच्या क्लासला जात होते."

ही गोष्ट अंबिका पहिल्यांदाच ऐकत होती.

अप्पा वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर तिनं पिशवी भरून गाडी पकडली असती. पोरीचं तोंड उतरलेलं त्याला बघवेना. त्यानं नांदेडला फोन लावून नबीलला बोलावून घेतलं. रस्त्याचे हादरे पाठीला बसावेत म्हणून सीटखाली थरथरणारी मोटर बसवायला लावली. तोंडावर वारा यावा म्हणून पुढं पंखा, वेग वाढला की जोरात फिरणारा. कानाला हेडफोन नवे. "बोल, अजून काय कमी हाय? सांग, तेबी बसवू."

नबील स्क्रू आवळता आवळता थांबला. "चाचा, बुरा नको मानो. ये घर में प्रॅक्टिस के वास्ते रहता. असली की जगा लेने के वास्ते नई. बच्ची को जाने दो."

"तू मशीन बसव बाबा. माझ्या घरचं मला बगू दे."

नबीलनं उरलेले स्क्रू आवळले. जाताना त्यानं अप्पाचे पैसे घेतले नाहीत, त्यावरूनही अप्पाला वाईट वाटलं.

कोइम्बतूरचा फोन आणखी दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही, तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागलं असेल. त्या आठवड्यात अंबिकानं घरातल्या गाडीला हात लावला नाही. सकाळी पिकअप घेऊन जायची, वाटेत उगीच कुठं तरी थांबून परत यायची. निदान ते होतं. स्टेअरिंगला ऊन लागलेलं असायचं, ब्रेकला वजन असायचं, समोरून येणारा ट्रक खरंच येत असायचा.

मग पाहुणे यायला लागले, पोरगी बघायला. उदगीरकडच्या एका स्थळाच्या मावशीनं चहा घेता घेता विचारलं, "पिकअप चालवती म्हनं?" अप्पानं पटकन सांगितलं, "नाही नाही, ते आपलं अडचनीपुरतं होतं. हौस लई तिला, म्हनून घरातच आनून दिलंय बगा." मावशी आत जाऊन सेट बघून आली आणि म्हणाली, "हे बरंय. बाई घरात बी राहती, हौस बी फिटती."

दुसऱ्या आठवड्यात अप्पानं व्यंकटी नावाचा डायवर ठेवला. अंबिकाच्या हातातून चावी मागून घेताना तो मऊ आवाजात म्हणाला, "तुला घरात हाय की आता. उन्हातान्हात कशाला?"

तिनं चावी दिली. भांडली नाही. त्या दिवसापासून ती पुन्हा सेटवर बसू लागली, अप्पाला वाटलं पोरगी रुळली. पंखा फिरायचा, सीट थरथरायची. फेऱ्याची वेळ दर आठवड्याला कमी होत होती. बघायला कुणी नव्हतं, पाठवायचं कुठं नव्हतं. उदगीरचं स्थळ जमलं नाही. दुसरी येत राहिली.

हंगाम पुन्हा आला. एका सकाळी पिकअप टायरांनी भरून दारात उभी, किल्लारीहून फोनावर फोन, आणि व्यंकटीचा पत्ता नाही. त्याची बायको बाळंतपणाला, तो देगलूरला. अप्पाचा गुडघा वर्षभरापासून धरलेला, क्लच दाबला की कळ मस्तकात जायची. तो दारात उभा राहून बराच वेळ चावी या हातातून त्या हातात करत होता. मग आत आला.

अंबिका भाजी निवडत बसली होती.

"अंबे, एवढी खेप मारून येतीस का किल्लारीची? तुझ्याशिवाय व्हनार न्हाई."

महानंदा चुलीपाशी होती, तिनं वळून बघितलं. अंबिकाची बोटं मेथीत थांबली. चावीचा आवाज ती कुठंही ओळखेल. कारखान्याचा उतार, औशाची टपरी, उन्हात तापलेलं स्टेअरिंग, सगळं दोन पावलांवर उभं होतं. उठायचं फक्त.

"कशाला अप्पा?" ती म्हणाली. "मला घरात हाय की."

"अगं, चेष्टा नगं करू. मानसं खोळंबलीत."

"चेष्टा कशाची? काई फरक न्हाई म्हनताव ना तुमी? घरात चालवीन मी. किल्लारीचे टायर तेवढे तुमी पोचवा."

अप्पा चावी मुठीत घेऊन लंगडत बाहेर गेला.

"जा की ग," महानंदा हळूच म्हणाली. "तुलाच जावं वाटतंय."

अंबिकानं मेथीची काडी मोडली.

बाहेर दार आपटलं, इंजिन सुरू झालं. पिकअप धक्का खाऊन निघाली. पहिला गिअर लागला. दुसऱ्याला करकर वाजलं, अप्पाचा पाय पुरता खाली गेला नव्हता. पुन्हा करकर. भाजी निवडता निवडता अंबिकाचा डावा पाय फरशीवर आपोआप दाबला गेला, पार खालपर्यंत, आणि तिसऱ्या वेळेला गिअर पडल्याचा आवाज येईपर्यंत तिनं तो उचलला नाही.