तळहाताखालचं रेकॉर्डिंग

बोलता बोलता ती हात पुढे करायची आणि माझ्या मोबाइलवर तळहात ठेवायची. "हे न्हाई घ्यायचं, गुरुजी." सांगून झालं की हात उचलायची. "हं, आता घ्या." तळहाताखाली आवाज अडतो, याची तिला खात्री होती. अडत नाही, हे मला ठाऊक होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवरच्या एका संग्रहासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत हिंडत होतो. ती वाटूरजवळच्या एका गावात, बौद्ध वस्तीत, लेकाकडे राहायची. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल: आपण एक प्रश्न विचारावा, तर तीच आपली उलटतपासणी घेते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मास्तर हाव का पोलीस? इतकं तर मला नवऱ्यानंबी कधी इचारलं न्हाई."

धर्म बदलल्यानंतर गावानं वस्तीचं काम बंद केलं, दळण बंद केलं. ते सगळं तिनं नावानिशी, मोकळेपणानं सांगितलं. मग तळहात मोबाइलवर आला. ज्या घरानं हा बहिष्कार घातला, त्याच घरातली धाकटी सून सरपणाच्या भाऱ्यात ज्वारीचं पीठ लपवून हिला ओढ्यावर आणून द्यायची. ती सून अजून हयात होती. आठवडी बाजारात दोघी निंबाखाली बसून पान खायच्या. "तिच्या घरी ठाव न्हाई. मी वचन दिलंय."

फाइल पाठवताना तेवढा भाग कापायला दोन मिनिटं पुरली असती. मी कापला नाही. असं काही आजवर मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि खाली संकलक म्हणून माझं नाव येणार होतं.

महिन्याभरात तेवढाच तुकडा गावातल्या मोबाइलांवर वाजू लागला. घराण्याची अब्रू घालवली म्हणून पीठ देणाऱ्या त्या सुनेचं, आता म्हातारीचं, बाजाराला जाणं तिच्या लेकांनी बंद केलं. मी संग्रहातून फाइल काढायला लावली; मोबाइलांतून कोण काढणार?

मी वस्तीत गेलो तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी हात ठेवल्ता ना, गुरुजी?"

मी म्हणालो, मशीन चुकलं.

"मंग तुम्ही तरी काय करावं," ती म्हणाली, आणि तिनं आपल्या सुनेला चहा टाकायला सांगितला. मी तो प्यालो. पुढे वस्तीत कुणी मला नावं ठेवली की तीच त्याला गप्प करायची: गुरुजीला बोलू नका, दोष मशीनीचा. दर बाजाराला निंबाखाली जाऊन एकटी बसायची. दुसरी पुन्हा आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. जलदानविधीच्या दिवशी मांडवात तिच्या लेकानं मला बाजूला घेतलं. "त्या तुकड्याबिगर आईचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई, गुरुजी. तुमच्यापाशी असंल तर द्या."

मी फाइल त्याच्या मोबाइलवर पाठवली. मग तिथेच सांगितलं, की मशीन चुकलं नव्हतं. मी ते जाणूनबुजून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "हे आईला सांगायचं होतं. मला सांगून काय?"

मग पाठ फिरवून तो मांडवाच्या कडेला जाऊन बसला, आणि मोबाइल कानाला लावून आईचं बोलणं ऐकू लागला.