राखणदाराला विचारून

मी सिंगापूरला निघालो त्या सकाळी बाबांनी तुळशीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो झील आज परमुलखात जाता हा. तेका सुखरूप ठेय रे म्हाराजा!" आई आणि शेजारचे काका "होय म्हाराजा" म्हणाले. मी घड्याळ बघत होतो. बाहेर रिक्षा थांबली होती, आणि गावाच्या राखणदार देवाला हे सगळं कशाला सांगायचं, ते मला उमगत नव्हतं.

पुढे रॅफल्स प्लेसची बँक, मरीन परेडचा फ्लॅट, कायम राहायचा पीआर. मुलगी इरा इथलीच. यंदा ती मेलबर्नला शिकायला निघाली, तेव्हा लक्षात आलं की तिला निरोप द्यायला माझ्याकडे शब्दच नाहीत. सूटकेस घेऊन दिली, इन्शुरन्स काढला. आणखी काय देणार?

ती उकुलेले, म्हणजे हवाईची छोटी गिटार, वाजवते. जायच्या आधीच्या शनिवारी तिनं मला क्वीन्सटाउनच्या एका हॉलमध्ये नेलं. हवाईचे एक वयोवृद्ध गायक आले होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांच्या गावच्या ओढ्याचं दुसरीकडे वळवलेलं पाणी परत मिळावं म्हणून ते अर्धं आयुष्य गावकऱ्यांसोबत झगडले होते. आता त्या पाण्यावर अळूची शेतं पिकतात, आणि चिखलात उतरून अळू लावल्याशिवाय अंकल कुणाही मुलाच्या हाती गिटार देत नाहीत.

ते थेट स्टेजवर गेले नाहीत. दारातच थांबले, चपला काढल्या आणि खर्जात काही म्हणू लागले. भाषा कळेना, पण तो हेल मी ओळखत होतो. अंगावर काटा आला. हे तर गाऱ्हाणं!

"मी पाहुणा," ते मग म्हणाले. "गाऊ का, म्हणून या जमिनीला विचारलं."

मग ते त्या ओढ्याची गाणी गायले. आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. शेवटी धीर करून मी विचारलं, "अंकल, इथल्या राखणदाराचं नाव तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," ते हसले. "ज्याचं नाव माहीत नाही, त्याला तर आधी विचारावं."

घरी येऊन बाबांना फोन लावला, गाऱ्हाण्याचे शब्द मागितले. त्यांनी विचारलं, "थंयचो राखणदार कोण रे?"

"म्हायत नाय, बाबा."

"म्हणजे इतकी वर्सां इचारल्याशिवायच रवलंस?"



इरा निघाली त्या दिवशी ब्लॉकखालच्या हिरवळीवर मी नारळ ठेवला. बाबा फोनवर होते.

"पा, ग्रॅबची टॅक्सी आली. फास्ट लाह!"

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "तुझं नाव मला ठाऊक नाही. तुझ्या जमिनीवर न विचारता राहिलो, सांभाळून घे. ही पोर आज परमुलखात जाते आहे. तिला सुखरूप ठेव रे म्हाराजा!" फोनमधून बाबांचा थकलेला आवाज आला, "होय म्हाराजा!" इरानं कानातले इअरफोन काढले. आजोबांचं ऐकून तिनंही हळूच म्हटलं, "होय म्हाराजा."

गावात मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगून गप्प बसायचो. आता वाटतं, जिथल्या मातीला सांगितल्याशिवाय पाय निघत नाही, ते घर. माझी अशी दोन आहेत.

मेलबर्नला उतरल्यावर इराचा मेसेज आला. "पोचले. पा, इथे कोणाला विचारायचं?"