बिनसाखरेचा रविवार

आता एजंटांच्या मोठ्या सभा होतात. ठराव होतात, ते टाइप करून वर पाठवले जातात आणि वरून कोणीतरी चर्चेला बोलावतं. मीही जाऊन मागच्या रांगेत बसतो. व्यासपीठावरचे लोक एकजुटीवर बोलायला लागले की मला मात्र डहाणू रोड स्टेशनसमोरचं एक चहाचं हॉटेल दिसतं आणि बशीत ओतलेला चहा दिसतो. तो चहा मी प्यायलो नव्हतो. दुसऱ्यांनी प्यायला होता.

विम्याचं सरकारीकरण व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आमची कंपनी लहान होती. मुख्य कचेरी मुंबईला आणि डहाणूत भातगिरणीच्या माडीवर एक खोली. तिथे इन्स्पेक्टर साहेब बसत. त्यांच्या हाताखाली आम्ही आठ-दहा एजंट, किनाऱ्यापासून तलासरीपर्यंत पसरलेले. पगार कोणालाच नाही. नवी पॉलिसी आणली की पहिल्या वर्षी बरं कमिशन मिळायचं, आणि पुढे गिऱ्हाईक हप्ता भरत राहील तोवर दर हप्त्यामागे थोडं थोडं. ते थोडं थोडं साठत जातं म्हणूनच माणूस एजंट होतो. पाय थकल्यावर तेच त्याचं पेन्शन.

आम्ही एकमेकांचे मित्र होतो असं मी म्हणणार नाही. दर महिन्याच्या एका रविवारी मुंबईहून कंपनीचे डॉक्टर सकाळच्या गाडीने यायचे आणि नव्या गिऱ्हाइकांना तपासून संध्याकाळी परत जायचे. त्या दिवशी माडीखालच्या बाकावर आमची खरी ओळख पटायची. माझा माणूस आधी, तुझा नंतर, यावरून हमरीतुमरी व्हायची. डॉक्टर लघवीतली साखर बघत, म्हणून प्रत्येक एजंट आपल्या गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी बजावून ठेवी की सकाळपासून तोंडात गोड घालायचं नाही, चहासुद्धा नाही. एका चहाने काही होत नसतं असं डॉक्टर सांगून थकले होते. पण आम्ही ऐकणारे नव्हतो. हातातली केस साखरेपायी गेलेली प्रत्येकाने एकदा तरी पाहिली होती.

आमच्यातले दोघे एकमेकांशी बोलत नसत. एक तलासरीचे मास्तर. पूर्वी शाळेत होते, म्हणून मास्तर. सायकलवरून पाड्यापाड्यांत आणि हमरस्त्यावरच्या दुकानांत फिरून त्यांनी तिकडची सगळी गिऱ्हाइकं जमवली होती. दुसरे डहाणूचे काका. त्यांचं किराणा दुकान होतं, घरी गुजराती बोलत. काकांनी एकदा आपल्या कमिशनातला वाटा देऊन तलासरीचा एक लाकडाचा व्यापारी मास्तरांच्या हातून काढून घेतला होता. तेव्हापासून दोघे एकाच बाकावर दोन टोकांना बसायचे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मास्तर सायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. वर्षभर घराबाहेर पडता आलं नाही, नवी केस एकही नाही. कंपनीचा नियम असा होता की वर्षभर नवं काम नाही तर एजन्सी बंद, आणि एजन्सी बंद तर जुन्या हप्त्यांवरचं कमिशनही बंद. मास्तरांची गिऱ्हाइकं कोणाला तरी द्यायची होती. साहेबांनी ती मला दिली.

त्या दिवशी मी आनंदाने घरी गेलो. बायकोला सांगितलं, आपलं नशीब उघडलं. मला मास्तरांचा पाय आठवला नाही असं नाही. आठवला, आणि मी तो बाजूला ठेवला. मी काही मागितलं नव्हतं, कोणाचं ओढून घेतलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. पण तलासरीला हप्ते गोळा करायला गेलो की प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच. "मास्तरांचा पाय कसा आहे?" मी म्हणायचो, बरा आहे. मी बघायला गेलेलोच नव्हतो.

नोव्हेंबरच्या डॉक्टरांच्या रविवारी मास्तर आपली एजन्सी परत मागायला कुबडी घेऊन एस.टी.ने डहाणूला आले. माडीचा जिना त्यांना चढता येईना, म्हणून साहेब खाली आले आणि बाकापाशी उभ्या उभ्याच सर्वांसमोर त्यांनी नियम सांगितला. मास्तरांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले, आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. वेशीपासून तिसऱ्या घरची म्हातारी बहिरी आहे, मोठ्याने बोल, एवढंच सांगून गेले.

ते गेले. मग काका उठले.

"हा मास्तर माझा दुश्मन आहे," ते म्हणाले. "पण ती दुश्मनी माझी आहे. कंपनीने मध्ये यायचं काम नाही."

"काका, तुमचं काय जातं?" वाढवणचा एजंट म्हणाला. तो कोळीवाड्यात काम करायचा आणि काकांची फिरकी घेतल्याशिवाय त्याला राहवत नसे. "उलट एक कमी झाला."

"माझ्या गुडघ्याने आत्ताच जिना चढताना कटकट सुरू केलीय, भाई. उद्या माझी गिऱ्हाइकं तुला देतील. तू तर माझा गुडघा मोडायची वाटच बघत असशील."

सगळे हसले. पण त्या हसण्यात प्रत्येकाने आपापला पाय चाचपून पाहिला असावा. त्याच आठवड्यात काकांच्या दुकानामागे तांदळाच्या पोत्यांवर बसून आमची पहिली बैठक झाली. ठरलं ते असं: कंपनीचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं. डिसेंबरात डॉक्टर येतील तो रविवार कंपनीला वर्षाचा आकडा गाठायला शेवटचा. त्या दिवशी एकाही एजंटाने गिऱ्हाईक माडीवर न्यायचं नाही. जुने हप्ते मात्र वेळेवर भरून घ्यायचे, कोणाचीही पॉलिसी आपल्या भांडणात बंद पडू द्यायची नाही. मागण्या दोन. मास्तरांचं कमिशन परत सुरू व्हावं. आणि पुढे कोणाचीही एजन्सी बंद करायच्या आधी आमच्यातल्या दोघांना बोलावून ऐकून घ्यावं.

मग साहेबांशी बोलायला कोण जाणार, हा प्रश्न आला. मी पोत्याआड जवळजवळ लपलोच होतो.

"हा जाईल," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"मी? काका, माझ्याकडेच तर त्यांची गिऱ्हाइकं..."

"म्हणून तूच. आम्ही बोललो तर साहेब म्हणेल, यांना जळजळ होते. तू म्हणालास की मला नकोत, तर त्याला उत्तर नाही."

मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायची लाज वाटली. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं.

डिसेंबरचा तो रविवार उजाडला. स्टेशनाच्या यार्डात गवताच्या गाठी रचलेल्या होत्या, मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. हवेत त्यांचा वास होता. डॉक्टर नेहमीच्या गाडीने उतरले आणि माडीवर गेले. खाली बाक रिकामा होता. तो बाक मी रिकामा कधीच पाहिला नव्हता.

आम्ही सगळे समोरच्या हॉटेलात होतो, आपापल्या गिऱ्हाइकांसह. हे काकांच्या डोक्यातून निघालं होतं. गिऱ्हाइकांना येऊ नका म्हणायचं नाही. त्यांना आणायचं, पण रस्त्याच्या या बाजूला बसवायचं. साहेबांना माडीच्या खिडकीतून प्रत्येक केस दिसली पाहिजे. तडजोड झाली तर सगळे तसेच उठून वर जातील. म्हणून सगळी गिऱ्हाइकं उपाशीपोटी होती आणि हॉटेलवाला कपाळाला हात लावून बसला होता, कारण इतकी गर्दी असून एकही चहा खपत नव्हता. काकांच्या शेजारी चिकूच्या बागांचे मालक इराणी शेठ बसले होते. त्यांची पॉलिसी म्हणजे त्या वर्षातली आमच्या भागातली सर्वांत मोठी. काकांनी ती मिळवायला दोन पावसाळे घालवले होते.

मी माडी चढलो. साहेबांनी खुर्ची दिली, हे नवीन होतं.

"तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "युनियन नोकरांची असते. तुम्ही नोकर नाही. तुम्ही आपल्या धंद्याचे मालक."

"मालक असतो, साहेब, तर मास्तरांची गिऱ्हाइकं त्यांना परत द्यायचा अधिकार मला असता," मी म्हणालो. हे वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. त्याच्यापुढचं काही पाठ केलं नव्हतं.

साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "मास्तरांना मदत म्हणून कंपनीकडून एक रक्कम मिळवून देतो. एकदाच. चांगली देतो. नियमाला हात लावू नका. जा, लोकांना वर आणा."

मला ते पटलं. मी ते खरंखुरं लिहितो आहे. मास्तरांना पैसे मिळतील, गिऱ्हाइकं माझ्याकडे राहतील, आणि मास्तरांसाठी भांडलो हे समाधानही मला मिळेल. असं तिन्ही बाजूंनी सुख एकदम समोर आलं, आणि मी ते घेऊन जिना उतरलो.

हॉटेलात मी सांगितलं. काका माझ्याकडे बघत होते.

"तुझं काय म्हणणं?"

"घ्यावं," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली, जणू मी हवापाणी सांगितलं. मग म्हणाले, "मदत भिकाऱ्याला देतात. मास्तर भिकारी नाही, हरामखोर आहे, पण भिकारी नाही." आणि इराणी शेठकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "शेठ, चहा घेणार?"

इराणी शेठना काय विचारलं जात आहे ते कळलं. त्यांनी माडीच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे साहेब उभे होते.

"साखर घालून?"

"तुमची मर्जी."

"मग पीवा दे नी, पिऊ दे मला," ते म्हणाले. "सकाळपासून डोकं धरलंय माझं."

हॉटेलवाल्याने चहा आणला. शेठनी साखरेचा डबा पुढे ओढला, दोन चमचे घातले, खिडकीकडे बघत एक आणखी घातला, सावकाश ढवळलं आणि बशीत ओतला. काकांनी त्या बशीकडे पाहिलं नाही. ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. शेठ लहरी माणूस, आज तपासणी हुकली तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीकडे जाणार नाहीत याची काही खात्री नव्हती. दोन पावसाळे त्या बशीत होते. शेठनी फुर्रकन घोट घेतला.

मग वाढवणचा एजंट आपल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "घे बाबा, तूही घे." पुढच्या बाकावरून कोणीतरी चहा मागवला. मग त्याच्याही पुढच्या बाकावरून. ज्या माणसांनी एका नंबरासाठी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या होत्या, ती आपापली वर्षाची कमाई अशी साखरेत विरघळवत होती, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी देवळात गेलो आहे, मोठी माणसं जवळून पाहिली आहेत. पण त्या हॉटेलात जे पाहिलं ते कुठे दिसलं नव्हतं. माणसं इतकी मोठी होऊ शकतात, आणि ती मी रोज बघतो तीच, हे मला पेलत नव्हतं.

साहेब स्वतः जिना उतरले. रस्ता ओलांडून आले आणि बाकावर बसले. त्यांच्यापुढेही चहा आला.

"आता तुमचा प्रतिनिधी कोण?" त्यांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी नुकताच घ्यावं म्हणालो होतो, तरी. मी पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, मास्तरांची गिऱ्हाइकं मला नकोत. आणि आमच्यातल्या दोघांना ऐकल्याशिवाय कोणाला काढू नका." हे मी पाठ केलेलं नव्हतं.

साहेब गिरणीत जाऊन मुंबईला मोठ्या साहेबांच्या घरी फोन लावत बसले. दुपार कलल्यावर परत आले आणि म्हणाले, दोन्ही मान्य. लेखी देतो. मग डॉक्टर, दिवसभर माडीवर एकटे बसलेले, खाली आले.

"साखर किती घातली?"

"तीन चमचे," इराणी शेठ म्हणाले.

"एका चहाने काही होत नाही."

"होतं, डॉक्टर," सगळे एजंट एका सुरात म्हणाले. डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि सोमवारी सकाळपर्यंत मुक्काम केला. इराणी शेठ सोमवारी आले. पहिला नंबर काकांनी कोणाला न विचारता लावला.

त्याच आठवड्यात मी तलासरीला मास्तरांच्या घरी गेलो, पहिल्यांदाच. त्यांना बैलगाडीत बसवलं आणि आम्ही दारोदार गेलो. "आता हप्ता परत मास्तरांकडे," एवढंच मला म्हणायचं होतं. कोणी विचारलं नाही की का. जणू मी काही महिने त्यांची छत्री वापरत होतो आणि आता आणून दिली. बहिऱ्या म्हातारीने मास्तरांच्या पायाला हात लावून पाहिला. मी तिथे उभा होतो, आणि त्या घरांपैकी एकही ठेवून घ्यावं असं मनात आलं नाही. माझ्या आयुष्यात असे दिवस थोडे आहेत.

वाटेत मी त्यांना काकांचा आणि चहाचा किस्सा सांगितला. मास्तरांनी कुबडी मांडीवर आडवी घेतली.

"म्हणजे आता त्याच्याशी बोलावं लागणार," ते म्हणाले. "पंचाईत केली त्याने."

जानेवारीच्या रविवारी मास्तर कुबडी टेकत बाकापाशी आले. सोबत एक नवं गिऱ्हाईक होतं, हमरस्त्यावरचा टायरवाला. काका आपल्या टोकाला बसले होते. मास्तर चालत गेले ते थेट त्या टोकाला, आणि काकांच्या शेजारी बसले. काकांनी टायरवाल्याकडे खालून वर पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा माणूस माझ्या माणसानंतर."

"का म्हणून? आम्ही पहिल्या एस.टी.ने आलोय."

"मी दुकान बंद ठेवून आलोय."

"दुकान इथून चार पावलांवर आहे तुझं, चोरा."

त्यांचं भांडण डॉक्टर येईपर्यंत चालू राहिलं. बाकावर मी त्यांना खेटून बसलो होतो. त्यांना नीट भांडता यावं म्हणून मी उठलो आणि उभा राहिलो.